एकशे दोन मजल्यांचं विजेचं बिल

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग तुम्ही पाहिलेली आहे. नाही कसं म्हणता? किंग काँग नावाचा तो आडदांड गोरिला ज्या इमारतीच्या टोकावर चढून विमानांशी मारामारी करतो ना, तीच ही! तो पहिला सिनेमा आला १९३३ साली. तेव्हा इमारत जेमतेम दोन वर्षांची होती.

आणि ती बांधली कशी, तर भुताने पछाडल्यासारखी! १७ मार्च १९३० ला कामाला सुरुवात, १ मे १९३१ ला उद्घाटन. चौदा महिन्यांच्या आत १०२ मजले, ३८१ मीटर उंची, सुमारे एक कोटी विटा आणि ६,५१४ खिडक्या. (आमच्या गल्लीतला छोटा पूल याहून जास्त दिवस 'काम चालू आहे' या पाटीखाली आहे, पण तो विषय वेगळा.) पुढे जवळजवळ चाळीस वर्षं जगात हिच्याहून उंच इमारत नव्हती. तिला स्वतःचा पिनकोडसुद्धा आहे, १०११८. अख्खा पिनकोड एका इमारतीला!

आता जरा मोठ्या माणसांसारखा प्रश्न विचारूया. या बाईंचं विजेचं आणि इंधनाचं बिल किती येत असेल?

ऑफिसांची एकूण जागा साधारण २८ लाख चौरस फूट. दिवे, कॉम्प्युटर, लिफ्ट, हिवाळ्यात खोल्या गरम ठेवायला वाफ, उन्हाळ्यात गार ठेवायला प्रचंड यंत्रं. २००८ च्या सुमाराला वर्षाचं हे बिल एक कोटी दहा लाख डॉलरच्या पुढे जात होतं. बिल मोठं म्हणजे कुठे तरी तेवढाच कोळसा नाही तर गॅस जळतोय, धूर हवेत जातोय. मालक अँथनी माल्किन यांनी तेव्हा इमारतीची मोठी डागडुजी काढलेलीच होती. त्यांनी ठरवलं, हात लावतोच आहोत, तर हिची ऊर्जेची भूकही कमी करून बघू.

यावर तुमच्यातला कोणी तरी लगेच हात वर करणार, मला माहीत आहे. "सोपं आहे! गच्चीवर सोलर पॅनल लावायचे!"

छान. पण गच्ची कुठे आहे? ही इमारत वर वर जाताना निमुळती होत जाते, टोकाला तर सुळकाच आहे. ती उभी आहे तो जमिनीचा तुकडा दोन एकरांच्या आसपास. आतली जागा मात्र त्याच्या तीसपटीहून जास्त. म्हणजे जमिनीएवढी सपाट गच्ची मिळाली असती, तरी तिच्यावर पडणाऱ्या उन्हावर खालचे इतके सगळे मजले चालवायचे! ठेंगण्या, पसरट शाळेला सोलर पॅनल शोभतात. उंच इमारतीची अडचण अशी, की ती सूर्याला डोकं फार थोडं दाखवते.

"मग पाडा आणि नवीन बांधा." हे आणखी एकाने सांगितलं. अहो, तिच्यात पन्नास हजार टनांहून जास्त पोलाद आहे. ते वितळवून बनवताना, त्या विटा भाजताना जे इंधन जळलं ते १९३० सालीच जळून गेलं. पाडलं की ते वाया, आणि नव्यासाठी पुन्हा तेवढं जाळा. तेव्हा म्हातारीला मोडीत न काढता सुधारायचं, एवढं नक्की झालं.

या कामाला इंजिनिअर आणि हिशोबनीस बसले. त्यांत रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट या संस्थेची मंडळी होती. अ‍ॅमरी लोविन्स हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचं एक आवडतं म्हणणं आहे, की नवी वीज शोधण्यापेक्षा वाया जाणारी वीज शोधा, ती स्वस्त पडते. सगळ्यांनी मिळून साठाहून जास्त युक्त्या कागदावर मांडल्या. मग कॉम्प्युटरमध्ये इमारतीची एक आकडेमोडीची प्रतिकृती केली. तिच्यावर एकेक युक्ती लावायची आणि बिल किती उतरतं ते पाहायचं. असं चाळत चाळत शेवटी आठ युक्त्या उरल्या. आठही सांगत बसत नाही, तुम्ही जांभया द्याल. पण खिडक्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

खिडक्या दुहेरी काचेच्या होत्या, १९९० च्या दशकात बसवलेल्या. फुटलेल्या नव्हत्या, कुजलेल्या नव्हत्या. पण न्यूयॉर्कचा हिवाळा म्हणजे बर्फ! आतली ऊब काचेतून बाहेर पळायची. साधा सल्ला कोणीही दिला असता, की जुन्या काढा, ट्रकात भरा, फेकून द्या, नव्या आणा. साडेसहा हजार खिडक्यांना प्रत्येकी दोन सरकत्या झडपा, प्रत्येक झडपेत दोन काचा. करा गुणाकार. सव्वीस हजार काचांचा ढीग!

त्याऐवजी त्यांनी काय केलं ऐका. इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर चक्क एक छोटा कारखाना थाटला! रात्री ऑफिसं रिकामी झाली की कामगार खिडक्या काढून पाचव्या मजल्यावर आणायचे. तिथे काचा सुट्या करायच्या, स्वच्छ धुवायच्या. मग दोन काचांच्या बरोबर मध्ये एक पारदर्शक पातळ फिल्म ताणून बसवायची. पुन्हा सगळं जोडायचं, भट्टीत तापवायचं, म्हणजे ती फिल्म आकसून टणटणीत ताणली जाते, एकही सुरकुती राहत नाही. त्यानंतर आतल्या पोकळीत एक खास वायू भरायचा, कडा बंद करायच्या आणि खिडकी परत आपल्या जागी. जुन्या काचा आणि चौकटी मिळून जवळजवळ ९६ टक्के सामान पुन्हा वापरलं गेलं. ट्रक नाही, कचरा नाही. सकाळी साहेब लोक येऊन खुर्चीत बसायचे तेव्हा त्यांच्यामागची खिडकी बदललेली असायची.

आता यात विज्ञान कुठे आहे? तीन ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट, पोकळ्या. आधी दोन काचांमध्ये एक पोकळी होती. मध्ये फिल्म आल्यावर दोन झाल्या. आजीची गोधडी आठवा. जुन्या साड्यांचे थर एकावर एक टाकून शिवलेली असते. ऊब त्या कापडात फारशी नसते. थरांमध्ये अडकून बसलेली हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही, म्हणून आपण उबदार राहतो. खिडकीलाही थर वाढले की तेच होतं. आणि गोधडीसारखंच इथेही सगळं जुन्यातूनच केलेलं.

दुसरी गोष्ट, तो वायू. पोकळीत नुसती हवा ठेवली नाही, क्रिप्टॉन आणि अरगॉन यांचं मिश्रण भरलं. (हो, क्रिप्टॉन! सुपरमॅन ज्या ग्रहावरून आला त्याचंही हेच नाव. पण हा क्रिप्टॉन खराखुरा आहे, आत्ता तुमच्या नाकासमोरच्या हवेतही आहे. दहा लाख भागांत साधारण एक भाग.) उष्णता पुढे सरकते ती रेणूंच्या धक्काबुक्कीतून. या बाजूचा तापलेला रेणू शेजाऱ्याला धक्का देतो, तो पुढच्याला. क्रिप्टॉनचे अणू हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूंपेक्षा तिप्पट जड असतात. जड असल्यामुळे ते सावकाश हलतात, धक्का पुढे पोचवायला वेळ लावतात. आळशी म्हणा हवं तर. खिडकीत असाच आळशी वायू लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. त्या फिल्मवर धातूचा इतका पातळ लेप असतो, की डोळ्यांना दिसतच नाही. उजेड त्यातून आरपार जातो. पण उजेडाचा एक अदृश्य भाऊ आहे, अवरक्त किरण. तापलेल्या तव्यावर नुसता हात धरला, तव्याला न लावता, तरी धग जाणवते, ती बरीचशी या किरणांची. तुमच्या अंगातूनही ते सतत बाहेर पडत असतात. हा लेप उजेडाला म्हणतो 'या' आणि अवरक्ताला म्हणतो 'मागे फिरा'. हिवाळ्यात खोलीची ऊब खोलीत परततो, उन्हाळ्यात उन्हाची बरीचशी झळ बाहेरच थांबवतो. या तिन्हींमुळे खिडकीची उष्णता अडवण्याची ताकद आधीच्या अडीच ते चार पट झाली.

रेडिएटरची गंमत थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यांखालून वाफेचे नळ गेलेले आहेत, १८८२ सालापासून! जशी आपल्याला नळाने पाण्याची जोडणी मिळते, तशी तिथे वाफेची. ती वाफ खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये खेळते आणि खोली तापते. पण रेडिएटर टेकलेला बाहेरच्या भिंतीला, त्यामुळे तो अर्धा वेळ बाहेरचा रस्ता, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, तापवत बसायचा. मग साडेसहा हजारांच्या आसपास रेडिएटरांच्या पाठीमागे उष्णता परतवणारे चकचकीत पडदे घातले. झालं. इतकं साधं! हे आधी कोणाला सुचलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

आता खरी मेख. तळघरात चिलर नावाची अजस्र यंत्रं आहेत. ती पाणी गार करतात आणि ते गार पाणी इमारतभर फिरून हवा थंड करतं. ही यंत्रं जुनी झाली होती. आधीचा बेत असा होता, की ती काढून नवी आणि आणखी मोठी बसवायची. पण हिशोबनिसांनी विचारलं, खिडक्या सुधारल्या, दिवे बदलले, तर खोल्या तापणारच कमी. मग इतकी मोठी यंत्रं हवीतच कशाला?

गारव्याची गरज किती घटली माहीत आहे? तब्बल १,६०० टन, म्हणजे एक तृतीयांश! हा 'टन' वजनाचा नाही बरं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढा गारवा म्हणजे एक टन. घरच्या एसीवर 'दीड टन' लिहिलेलं असतं ते याच मापाने. म्हणजे दीड टनाचे हजाराहून जास्त एसी कायमचे बंद केल्यासारखं झालं! मग नवी यंत्रं आणायची गरजच उरली नाही. जुन्या चिलरांचं बाहेरचं लोखंडी खोकं तसंच ठेवलं, आतले भाग बदलले. यात एक कोटी सत्तर लाख डॉलरहून जास्त खर्च वाचला.

नुसत्या खिडक्यांचा हिशोब मांडला असता, तर कोणताही व्यवहारी माणूस म्हणाला असता, "नको, खर्च फार, फायदा थोडा." नुसत्या चिलरांचा मांडला असता, तर मोठे चिलर विकत घेतले गेले असते. दोन्ही एकाच वहीत लिहिले तेव्हा कळलं, की खिडक्यांचे पैसे चिलरच्या वाचलेल्या पैशांतून निघतात. क्रमसुद्धा महत्त्वाचा. आधी गरज कमी करायची, मग यंत्र निवडायचं. उलट केलं, तर मोठं यंत्र घेऊन बसाल आणि नंतर खिडक्या सुधारल्यावर ते अर्ध्या पोटी चालत राहील.

आकडे फार झाले का? एकच भागाकार करा, मजेशीर आहे. डागडुजीच्या जुन्या बेताला ही ऊर्जेची कामं जोडल्यावर वरखर्च आला साधारण १ कोटी ३२ लाख डॉलर. दरवर्षी वाचणार असा अंदाज होता ४४ लाख डॉलर. किती वर्षांत वसूल? अगदी बरोबर, तीन. तिसरीतलं पोरही करेल! एकूण ऊर्जा ३८ टक्के कमी लागेल, असं २००९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं. काम करणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स या कंपनीने तर हमीच दिली, की ठरलेली बचत झाली नाही तर फरक आम्ही भरू. पहिल्याच वर्षी बचत हमीपेक्षा जास्त भरली. २०११ मध्ये इमारतीला हरित इमारतींचं 'लीड गोल्ड' प्रमाणपत्र मिळालं, आणि त्याच वर्षी लागणारी उरलेली वीज पवनचक्क्यांच्या खात्यातून विकत घेण्याचा करारही झाला. गच्ची नव्हती, पण वारा विकत घेता येतो की!

आणखी एक गंमत. ही इमारत लोकांचे श्वास मोजते. बंद खोलीत ताजी हवा घ्यावी लागते, पण बाहेरची हवा आत घ्यायची म्हणजे आधी ती गरम किंवा गार करायची, त्याला वीज लागते. मग किती घ्यायची? आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत एक टक्क्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. मीटिंगच्या खोलीत वीस माणसं येऊन बडबडायला लागली, की भिंतीवरच्या संवेदकाला तो वायू वाढलेला कळतो आणि पंखे जोर धरतात. माणसं उठून गेली, की पंखे मंदावतात. माणूस नसलेल्या खोलीला ताजी हवा कशाला? (शिवाय शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता देतो. वर्गात पन्नास मुलं असली की दुपारी का उकडतं, त्याचं एक कारण तुम्हीच आहात.)

इमारतीच्या टोकाचे रंगीत दिवेही २०१२ मध्ये बदलले. आधी रंग बदलायचा म्हणजे माणसं वर जाऊन मोठमोठ्या दिव्यांवर रंगीत फिल्टर चढवायची, आणि रंगही मोजकेच. आता एलईडी आहेत, एक कोटी साठ लाख रंगछटा, आणि बदलायचं तर कॉम्प्युटरवरून. अलीकडे दिवाळीला तिथे नारिंगी उजेड करतात, तोही याच दिव्यांनी.

हे सगळं आपल्याकडे चालेल का? जसंच्या तसं नाही. मुंबईला रेडिएटर दाखवला, तर लोक त्यावर कपडे वाळत घालतील. आपला शत्रू थंडी नाही. आपल्याला नडतं ते ऊन आणि दमटपणा. पण जुनी इमारत न पाडता सुधारायची, ही गोष्ट मुंबईतही झाली आहे. दक्षिण मुंबईतलं गोदरेज भवन, १९७२ सालचं, सहा मजल्यांचं. २०१० च्या सुमाराला तिथली थंड हवेची जुनी यंत्रणा आणि दिवे बदलले, वीज कुठे किती जाते ते मोजायची सोय केली. पन्नास-साठ मजल्यांच्या नव्या काचेच्या इमारती मुंबई-पुण्यात उभ्या राहतात, त्यांना पश्चिमेचं ऊन थेट लागतं, आणि मग आत एसी धापा टाकत चालतात. जुन्या इमारतींचे व्हरांडे, छज्जे आणि लाकडी झडपा ते ऊन काचेपर्यंत पोचूच देत नसत. मला विचाराल तर छज्जा नसलेली पश्चिमेची काचेची भिंत बांधायला परवानगीच देऊ नये. पण मला विचारतो कोण!

न्यूयॉर्कने मात्र नियम केला. तिथे हवेत जाणाऱ्या कर्बवायूंपैकी साधारण दोन तृतीयांश वायू इमारतींमुळे जातात, गाड्यांमुळे नव्हे. म्हणून २०१९ मध्ये शहराने कायदा केला, की २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींनी २०२४ पासून ठरलेल्या मर्यादेत राहायचं, नाही तर दंड भरायचा.

राहिली लिफ्ट. या इमारतीत सत्तरच्या आसपास लिफ्ट आहेत आणि त्या नव्या केल्यावर एक अजब प्रकार झाला. लिफ्ट अधूनमधून वीज तयार करते! गच्च भरलेली लिफ्ट खाली येते तेव्हा ती वजनानेच खाली ओढली जाते, तिला आवरावं लागतं. पूर्वी ते आवरताना नुसती उष्णता व्हायची. आता मोटर उलटी फिरून जनरेटर होते आणि वीज इमारतीच्या तारांमध्ये परत जाते.

याहून अजब पुढेच आहे. रिकामी लिफ्ट वर जाते तेव्हाही वीज तयार होते! कारण लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला एक लोखंडी वजन लटकवलेलं असतं, रिकाम्या लिफ्टपेक्षा चांगलं जड. ते खाली यायला लागतं आणि लिफ्टला आपोआप वर खेचतं.

आता तुमच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे सगळे भरलेल्या लिफ्टमधून खाली यायचे, रिकामी लिफ्ट वर पाठवायची, पुन्हा भरून खाली! वीजच वीज!" बरोबर. पण ते सगळे जण वर पोचणार कसे? लिफ्टने जायचं नाही, नाही तर मिळवलेली वीज परत द्यावी लागेल, वर थोडी पदरची घालून. म्हणजे उरला जिना. ८६ व्या मजल्यापर्यंत १,५७६ पायऱ्या. १९७८ पासून तिथे त्या पायऱ्या पळत चढायची शर्यत होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या पॉल क्रेक यांनी २००३ मध्ये त्या ९ मिनिटं ३३ सेकंदांत चढून दाखवल्या. त्यांना रोज नाश्त्याला काय लागत असेल, त्याचा हिशोब धरलात, तर ही वीज फार महाग पडेल.